तरुणांना काही होत नाही म्हणे

२९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या नैऋत्येला, ऑल्बनी नावाच्या गावात एक अंत्यसंस्कार झाला. इथल्या कृष्णवर्णीय समाजात अंत्यविधी म्हणजे मोठं काम असतं. दोन-दोन राज्यं ओलांडून नातेवाईक येतात, चर्चमध्ये गाणी आणि आठवणी चालतात, प्रत्येक जण प्रत्येकाला मिठी मारतो आणि शेवटी सगळे एकत्र जेवतात. त्या मिठ्यांतून आणि पंगतीतून कोरोनाचा विषाणू गावभर झाला. महिन्याभरात ऑल्बनीचं नाव लोकसंख्येच्या मानाने जगातल्या सर्वाधिक बाधित ठिकाणांमध्ये घेतलं जाऊ लागलं. तिथल्या रुग्णालयाने सहा महिन्यांसाठी भरून ठेवलेले मास्क आणि गाऊन आठवड्याभरात संपले. ऑल्बनी ज्या काउंटीत आहे, तिथले सुमारे सत्तर टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत.

मी अटलांटाच्या दक्षिणेला एका सरकारी कॉलेजात ॲनाटमी-फिजिऑलॉजी शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. बऱ्याच जणींना नर्स व्हायचं असतं, काहींना रेडिओलॉजीकडे जायचं असतं, आणि काही जण केवळ वेळ जमतो म्हणून माझ्या वर्गात येऊन बसतात. ऑल्बनीच्या बाजूची एक मुलगी त्या मार्चमध्ये दोन आठवडे गायब झाली. मग तिची मेल आली. आजी आणि आजीची बहीण, दोघी गेल्या होत्या. मेलच्या शेवटी लिहिलं होतं, ‘मॅम, हाडांच्या प्रकरणाचा क्विझ पुन्हा देता येईल का?’

एप्रिलच्या अखेरीस सीडीसीचा एक अहवाल आला. सीडीसीचं मुख्यालय अटलांटातच आहे, म्हणजे साथरोगांवरची देशातली सगळ्यात मोठी संस्था आमच्या गावात. मार्च महिन्यात जॉर्जियातल्या आठ रुग्णालयांत दाखल झालेल्या ३०५ रुग्णांची त्यात पाहणी होती. ज्यांच्या वंशाची नोंद होती त्यांच्यापैकी ८३ टक्के कृष्णवर्णीय होते. राज्याच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास.

आणि तरी त्या काळात सगळीकडे एक वाक्य फिरत होतं, की तरुणांना काही होत नाही. वयानुसार मृत्यूंचा तक्ता काढला तर अठरा ते बावीस वयाच्या मुलांच्या रकान्यात आकडा खरोखरच लहान दिसायचा. मीही तो तक्ता वर्गात दाखवला आहे, ऑनलाइन वर्गात, चौकटी-चौकटीत काळ्या पडद्यांसमोर. तक्ता बरोबरच होता. फक्त तो मृत्यू मोजत होता. माझ्या मुलांची तब्येत ढासळत होती ती त्या रकान्यात न मावणाऱ्या गोष्टींनी, आणि त्याची सुरुवात विषाणू अंगात शिरण्याच्या आधीच, कॉलेज बंद झालं त्या दिवशी झाली होती.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आपल्याकडे ‘कॉलेज बंद’ म्हणजे मुलं घरी आली, आईच्या हातचं खाऊन गुबगुबीत झाली, असं एक चित्र आहे. चांगल्या घरांत इथेही तसंच झालं. पण ज्या मुलाचं दिवसातलं भरवशाचं जेवण कॉलेजच्या मेसमध्ये व्हायचं, ज्याला पहिल्यांदाच स्वतःची खाट आणि बंद होणारं दार मिळालं होतं, खोकला झाला तर फुकट तपासणारी नर्स फक्त कॅम्पसवरच्या दवाखान्यात भेटायची, त्याच्या दृष्टीने कॉलेज हीच आरोग्य यंत्रणा होती. वर्ग त्याला जोडून आलेले. मार्चच्या मध्यावर ही सगळी यंत्रणा काही दिवसांत उचलली गेली. वसतिगृहं रिकामी करा, सामान न्या. कुठे न्या, ते ज्याचं त्याने बघायचं.

घर म्हणजे तरी काय? अटलांटाचा विमानतळ हा आमच्या भागाचा अन्नदाता. कुणाची आई तिथे सामान चढवते, कुणाचे वडील विमानं साफ करतात, मावशी वृद्धाश्रमात नोकरीला, भाऊ गोदामात. लॅपटॉप उघडून घरून करायचं काम यांच्यातल्या फार थोड्यांचं. म्हणजे मुलगा सुरक्षित राहावा म्हणून त्याला ज्या घरात पाठवलं, त्या घरात रोज चार माणसं बाहेरून चार दिशांची हवा घेऊन येणार. त्यातल्या एखाद्याला मधुमेह, आजोबांना दमा, आणि न्हाणीघर एक. वेगळ्या खोलीत राहा, असा सल्ला आम्ही फार सहज देत होतो.

त्यात आमच्या राज्याला उघडण्याची घाई. २४ एप्रिल २०२० ला गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी केशकर्तनालयं, नेल सलून, जिम, टॅटूची दुकानं सुरू करायला परवानगी दिली. ही दुकानं चालवतं कोण? माझ्या वर्गातल्या मुली. केस विणून देण्याचं काम सहा-सहा तास चालतं, समोरच्या बाईच्या डोक्याला डोकं लावून. एकीने मला विचारलं होतं, जाऊ का कामावर? मी शिक्षिका, मी म्हणणार नको. तिने पुढचा प्रश्न विचारला तो भाड्याचा होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सरकारी मदतीत यांची गंमत वेगळीच झाली. पहिल्या फेरीत बहुतेक प्रौढांना प्रत्येकी १,२०० डॉलर मिळाले, पण आईवडिलांच्या कर-विवरणात ‘अवलंबून’ म्हणून ज्यांचं नाव आहे, त्या कॉलेजच्या मुलांना काहीच नाही. सतरा वर्षांखालच्या मुलामागे घराला ५०० डॉलर होते, तेही यांच्या नावावर नाहीत. म्हणजे मुलं म्हणून मोठी आणि माणूस म्हणून लहान. फूड स्टॅम्पचा, म्हणजे गरिबांना अन्न घ्यायला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, नियम आणखी विनोदी: पूर्णवेळ शिकणाऱ्याला ते हवे असतील तर बहुतेकांनी आठवड्याला वीस तास नोकरी करायची. नोकऱ्याच गेल्या होत्या. ही अट काही काळापुरती सैल केली गेली ती २०२१ उजाडताना. शिवाय जॉर्जियाने गरिबांसाठीचा मेडिकेड विमा वाढवलेला नाही, त्यामुळे काम गेलं, कामासोबतचा विमा गेला आणि मधल्या खड्ड्यात माणूस पडला, असं अनेक घरांत झालं.

त्या सत्रात मी मुलांना आहाराचा धडा शिकवला. पालेभाज्या, प्रथिनं, पाणी भरपूर. एका मुलाने कॅमेरा चालू केला तर तो गाडीत बसलेला. घरी इंटरनेट नाही, म्हणून बर्गरच्या दुकानाबाहेर पार्किंगमध्ये, दुकानाचं फुकट वायफाय पकडून. मांडीवर फोन. इन्सुलिन कसं काम करतं हे मी त्याला सांगत होते आणि तो तळलेले बटाटे खात होता. आम्ही दोघंही हसलो. दुसरं काय करणार?

व्यायामाचंही तेच. लॉकडाऊनमध्ये डॉक्टर, शिक्षक, टीव्ही सगळे सांगत होते की घरात कुढत बसू नका, मोकळ्या हवेत धावायला जा. ५ मेला एक व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला. अमॉड आर्बरी, वय २५, आमच्याच राज्यात ब्रन्सविकजवळ २३ फेब्रुवारीला धावायला गेलेला. तीन गोऱ्यांनी गाड्यांनी त्याचा पाठलाग केला आणि एकाने गोळ्या घातल्या. व्हिडिओ बाहेर येईपर्यंत कुणाला अटकही झाली नव्हती. त्यानंतर माझ्या वर्गातल्या मुलांना ‘धावायला जा’ हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? मास्कचाही तोच घोळ. सुरुवातीला मास्क मिळत नव्हते, सीडीसी म्हणाली, घरचा रुमाल बांधा. उंच, धिप्पाड कृष्णवर्णीय मुलगा तोंडाला रुमाल बांधून दुकानात शिरला तर लोक काय समजतील, याची चर्चा एप्रिलमध्ये देशभर चालली होती. माझा एक विद्यार्थी दुकानात जाताना कॉलेजचं नाव छापलेला टी-शर्ट मुद्दाम घालायचा.

मग २५ मे. मिनियापोलिसमध्ये पोलिसाने मानेवर गुडघा दाबून मारलेले कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड. शवविच्छेदनात कळलं की त्यांना आधी कोविड होऊन गेला होता, मृत्यूनंतरची चाचणीही पॉझिटिव्ह आली. साथीत त्यांची नोकरीही गेलेली होती. विषाणू, बेकारी आणि पोलिसाचा गुडघा, तिन्ही एकाच शरीरावर. १२ जूनला आमच्या अटलांटातच रेशार्ड ब्रूक्स यांना पोलिसांनी एका रेस्टॉरंटच्या पार्किंगमध्ये गोळी घातली. मुलं मोर्च्यांना जात होती आणि घरी येऊन आजीपासून चौदा दिवस लांब राहायचा प्रयत्न करत होती. ‘झोप येत नाही’ हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी इतक्यांदा वाचलं की मेलचा विषय बघूनच ते ओळखता यायला लागलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सीडीसीने केलेल्या पाहणीत १८ ते २४ वयाच्या दर चौघांत एकाने सांगितलं, की गेल्या तीस दिवसांत आत्महत्येचा गंभीर विचार मनात आला होता. कृष्णवर्णीय प्रौढांमध्ये हे प्रमाण १५ टक्के, एकूण प्रौढांत ११ टक्क्यांच्या आत. जी मुलं तरुणही होती आणि कृष्णवर्णीयही, त्यांचा हिशेब वाचकाने करावा.

समुपदेशनाची सोय होती, कागदावर. ऑनलाइन भेट घ्या. पण ज्याचं दुःखच घरातलं आहे त्याने घरात बसून कुणाशी बोलायचं? एक मुलगी कपड्यांच्या कपाटात बसून बोलायची. दुसरी भाषणं द्यायचा सराव करते असं आईला सांगायची. शिवाय इथे समुपदेशकाचा परवाना राज्यापुरता असतो. अलाबामातल्या घरी परतलेल्या मुलीवर जॉर्जियातल्या समुपदेशकाने उपचार करायचे तर कायद्याचा अडसर. आणि समोर बसलेला माणूस आपल्यासारखा असण्याची शक्यता किती? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांत शंभरातले चार-पाच कृष्णवर्णीय. त्यात घरची शिकवण अशी, की मनाचं दुखणं देवाला सांगावं, परक्याला नाही. ही शिकवण मला ओळखीची होती. सांगलीला आमच्या घरात देवाच्या जागी मारुतीचं देऊळ होतं, एवढाच फरक.

सगळीकडे अंधारच होता असं नाही. इथे ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयं म्हणून एक परंपरा आहे. इतर दारं बंद होती तेव्हा उभी राहिलेली, आज शंभराच्या आसपास. अटलांटात १८६७ चं मोअरहाउस, १८८१ चं स्पेलमन आणि क्लार्क अटलांटा एकाच परिसरात आहेत. २०२० च्या शरद सत्रात, मोठमोठी विद्यापीठं फुटबॉलचा हंगाम कसा वाचवायचा या विवंचनेत असताना, मोअरहाउसने जूनमध्येच फुटबॉल रद्द केला होता, आणि तिन्ही संस्थांनी ते सत्र पूर्ण ऑनलाइन चालवलं. पुढच्या वर्षी त्यांनी लस सक्तीची केली. ही सावधगिरी कुठून येते? मला वाटतं, आपल्या मुलांच्या मागे घरी कोण कोण आहे, हे त्या प्राचार्यांना मनातून ठाऊक होतं.

लसीची गोष्ट मात्र तिथेही सरळ गेली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या झेवियर आणि डिलर्ड या दोन कृष्णवर्णीय विद्यापीठांचे अध्यक्ष, रेनॉल्ड व्हेरेट आणि वॉल्टर किम्ब्रो, यांनी पत्र लिहिलं की आम्ही स्वतः लसीच्या चाचणीत सहभागी झालो आहोत, तुम्हीही विचार करा. विद्यार्थी आणि पालक संतापले. आमची मुलं म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर आहेत का? आणि जवळजवळ प्रत्येक प्रतिक्रियेत एक नाव होतं, टस्कीगी.

अटलांटाहून गाडीने दोन तासांवर अलाबामात टस्कीगी आहे. अमेरिकी सरकारच्या आरोग्य सेवेने १९३२ मध्ये तिथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले, त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. ‘दूषित रक्त’ आहे, उपचार करतो, असं सांगून फुकट तपासणी, जेवण आणि दफनखर्चाचा विमा देऊ केला. चाळीसच्या दशकात पेनिसिलिनने रोग बरा होतो हे सिद्ध झालं, तरी ते दिलं नाही. रोग माणसाला कसकसा खातो ते बघायचं होतं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून हे उघड झालं, तोवर चाळीस वर्षं झाली होती. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ मध्ये.

माझ्या वर्गात निम्म्या मुलांचा समज असा, की त्या लोकांना मुद्दाम रोग टोचला होता. मी म्हटलं, तसं नव्हे, औषध असून दिलं नाही हा गुन्हा होता. म्हणजे आज औषध आहे तर ते मागून घ्यायला हवं. मला माझा युक्तिवाद फार आवडला होता. मागच्या बाकावरून, म्हणजे खालच्या चौकटीतून, एक मुलगा म्हणाला, ‘पण मॅम, तेव्हासुद्धा पांढरा कोट घालून आलेला माणूस हेच म्हणत होता, की हे तुमच्याच भल्याचं आहे.’ १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या झडत्या आणि रँडसाहेब शाळेत शिकून आलेल्या मला यावर बोलता येईना. रोगाशी लढायला आलेल्या सरकारचीच भीती वाटणं म्हणजे काय, हे आम्हाला परीक्षेला होतं.

पुढे त्याच मुलाने लस घेतली, पण माझ्यामुळे नाही. मॉडर्नाच्या लसीमागच्या संशोधनात बार्नी ग्रॅहम यांच्याबरोबर किझमेकिया कॉर्बेट होत्या, उत्तर कॅरोलायनात वाढलेल्या तिशीतल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. त्या चर्चच्या ऑनलाइन सभांतून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत असत. त्याच्या आईने त्यांना ऐकलं आणि घरात सगळ्यांना रांगेत उभं केलं. नंतर तो मुलगाच गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या लसीच्या वेळा आपल्या फोनवरून नोंदवून द्यायचा, कारण नोंदणी फक्त ऑनलाइन होती.

आता ऑक्सिमीटर. त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तो माझ्या दोन्ही घरांत होता. एप्रिल २०२१ मध्ये सांगलीत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर आकडे यायचे. काका ९४, काकू ९६, दादा ९१, बेड बघा. महाराष्ट्रात त्या महिन्यात कुणाच्या घरी हे नव्हतं? बोटावर चिमटा, आत एक लाल आणि एक अवरक्त किरण, रक्तातून आरपार गेलेला प्रकाश मोजून यंत्र ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. पण त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि यंत्रांची जुळवणी बहुतांशी गोऱ्या बोटांवर झालेली. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. बोटावर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत साडेतीन टक्के वेळा घडत होतं, कृष्णवर्णीयांत पावणेबारा टक्क्यांच्या आसपास. बरं, काळ्या त्वचेवर यंत्र चुकतं हे १९९० मध्येच छापून आलं होतं. तीस वर्षं कुणाला घाई नव्हती. ‘९३ आहे, घरी जा, पाणी प्या’ असं सांगून परत पाठवलेल्यांत किती जण खरे ८७ होते?

हा अभ्यास मी वर्गात वाचून दाखवला तेव्हा नर्स होऊ घातलेल्या मुली एकदम गप्प झाल्या आणि मग एकदम भडकल्या. एकीचे वडील असेच परत पाठवलेले होते, सुदैवाने वाचले. प्रत्यक्ष वर्ग सुरू झाल्यावर आम्ही तीन कंपन्यांचे ऑक्सिमीटर आणून सगळ्यांच्या बोटांना लावून बघितले. रक्ताची खरी तपासणी सोबत नसताना त्यातून शास्त्रीय असं काही सिद्ध होत नाही, हे मी बजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. एकीने माझं बोट धरून त्यात घातलं आणि म्हणाली, ‘मॅम, तुम्ही स्वतःला त्या बाजूच्या समजत होता की काय?’ अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेगवेगळ्या वर्णांच्या त्वचेवर ही यंत्रं नीट तपासण्याबद्दलचा मसुदा काढला तो जानेवारी २०२५ मध्ये. सांगलीतल्या त्या आकड्यांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आमचं कॉलेज पूर्ण उघडलं. सरकारी कॉलेज असल्यामुळे मास्कची सक्ती करायला बंदी होती, फक्त आग्रह धरायचा. माझ्या वर्गात आग्रहाची गरजच पडली नाही. जवळजवळ सगळ्यांनी आपणहून मास्क लावलेले. एकीने नाकावरून खाली घसरलेला मास्क बघून शेजारच्याला जो दम दिला, तो कुठल्याही गव्हर्नरला जमला नसता.

पण वर्ग निम्मा होता, आणि गायब झालेल्यांत मुलगे जास्त. हे देशभर झालं, कृष्णवर्णीय तरुणांची कॉलेजातली संख्या त्या दोन वर्षांत झपाट्याने घसरली. कुणाचे वडील गेले आणि घराची जबाबदारी आली, कुणाला गोदामात ताशी पगार बरा मिळायला लागला. एका मुलाला कोविडनंतर जिना चढला की धाप लागायची. विमा नाही, म्हणून तपासणी नाही, म्हणून त्या धापेला नावही नाही. आता कॉलेज सोडलं की पदवी नाही, पदवी नाही तर विम्याची नोकरी नाही. या मुलांच्या पन्नाशीतल्या रक्तदाबाची सोय आत्ताच होऊन बसली आहे.

त्या पार्किंगमधल्या, बटाटे खाणाऱ्या मुलाला मी दर सत्राला नोंदणीची तारीख कळवते. येतो म्हणतो. त्याच्या खात्यावर २०२० च्या सत्राची पाचशे डॉलरच्या आतली बाकी आहे आणि ती फिटेपर्यंत नाव नोंदवता येत नाही, याला इथे ‘होल्ड’ म्हणतात. ओहायोतल्या विल्बरफोर्स या कृष्णवर्णीय विद्यापीठाने मे २०२१ मध्ये पदवीदान समारंभातच २०२० आणि २०२१ च्या पदवीधरांची सगळी बाकी माफ केली होती, पावणेचार लाख डॉलरहून जास्त. मुलांनी टोप्या उडवल्या. मी त्या बातमीचा कागद घेऊन आमच्या कार्यालयात गेले होते. खिडकीतली बाई भली होती, म्हणाली, केंद्राचा कोविड-मदतीचा निधी होता तोवर अर्ज करायला हवा होता, आता खातं बंद झालं. मी विचारलं, अर्ज करायचा असतो हे मुलांना कळवलं होतं का? हो, कॉलेजच्या मेलवर कळवलं होतं. होल्ड लागला की ती मेल बंद होते.